सरांचं गाणं मधेच का थांबतं

“दादा, ते सगळं काढून न्या. बाबा आता लावतच नाहीत.”

नितीन खिल्लारेचा फोन आला तेव्हा मी भलत्याच एका घरात, पलंगाखाली पालथा पडून वायर ओढत होतो. ऐकलं आणि डोक्यात तिडीक गेली. या एका घरानं माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून खाल्लं नसेल. मी म्हटलं, शेवटचं एकदा येतो. नाही जमलं तर स्वतःच्या हातानं गाडीत घालून नेतो.

संभाजीनगरात टीव्ही सेंटरच्या बाजूला माझं दुकान आहे. आधी डिश बसवायचो, मग सीसीटीव्ही आले. आता लोकांना घरात ‘हाय क्वालिटी’ संगीत पाहिजे असतं, ते बसवून देतो. त्यासाठी लागतो म्युझिक सर्व्हर. नाव मोठं आहे, वस्तू जेवणाच्या डब्याएवढी. एक छोटा कम्प्युटर, त्यात गाण्यांची डिस्क, आणि मागितलेलं गाणं शोधून देणारं एक सॉफ्टवेअर. इंटरनेटवरचं गाणंही तोच ओढून आणतो. तिथून गाणं डॅकमध्ये जातं. कम्प्युटरला गाणं म्हणजे नुसते आकडे. त्या आकड्यांचा आवाज करणारा डबा म्हणजे डॅक. पुढं अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर. बस्स, एवढंच आहे. पण एकदा का माणसाला या गोष्टीचा नाद लागला की त्याला काहीच ‘एवढंच’ वाटत नाही.

नितीनला नाद लागला होता. बिडकीनच्या बाजूला एका कंपनीत तो इंजिनिअर. रात्रंदिवस इंटरनेटवर अशाच नादिष्टांच्या फोरमवर वाचायचा आणि सकाळी मला फोन करून शिकवायचा. सर्व्हरसोबत बॉक्समध्ये जो साधा अ‍ॅडाप्टर येतो, तो त्यानं हातसुद्धा लावू दिला नाही. त्यानं आवाज गढूळ होतो म्हणे. त्याच्या जागी लिनियर पॉवर सप्लाय मागवला. म्हणजे जुन्या पद्धतीचा, आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला, विटेसारखा जड डबा. बरं बाबा, म्हटलं. गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

पण सिस्टीम नितीनसाठी नव्हती. त्याच्या वडिलांसाठी होती. खिल्लारे सर मूळचे पिशोरचे, शाळेत मास्तर होते. कव्वाल्या, भीमगीतं, नाट्यगीतं, गावाकडच्या जलशांची रेकॉर्डिंग, असा कॅसेटचा ढीग त्यांनी जमवलेला. रिटायर झाल्यावर एकेक कॅसेट वाजवून त्यांनी ती कम्प्युटरवर घेतली. तोवर काचबिंदूनं डोळे गेले. आता फोनची स्क्रीन दिसत नाही. गाणं पाहिजे असलं की हाक मारायची. सून हातातलं काम टाकून येणार, लावून देणार. सरांना त्या हाका मारण्याचाच कंटाळा आला होता. “मला माझं मला लावता आलं पाहिजे,” एवढी एकच अट त्यांनी घातली होती.

म्हणून मी एक साधा रिमोट शोधला. चारच मोठी बटणं. प्रत्येक बटणावर फेव्हिक्विकचे थेंब वाळवून खुणा केल्या. एक थेंब कव्वाली, दोन भीमगीतं, तीन नाट्यगीतं, आणि ज्याला थेंब नाही ते बंद करायचं. सरांनी बोट फिरवून बघितलं, एका थेंबाचं बटण दाबलं, आणि कव्वाली सुरू झाली. मान डोलवत बसले. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, असं कौतुक रोज नाही मिळत.

आठवडा नाही उलटला तोच तक्रार. गाणं मधेच थांबतं. थांबल्यावर बटण दाबलं तरी लागत नाही. मग बऱ्याच वेळानं आपोआप लागतं.

मी गेलो. सगळं ठणठणीत. तासभर बसलो, चहा झाला, गाणं चालूच. घरी आलो आणि दोन-तीन दिवसांनी परत तेच. सर्व्हरमधली नोंद बघितली तर तो अचानक बंद पडून परत चालू झालेला. चालू झाला की आधी तो डिस्कवरची सगळी गाणी नव्यानं मोजत बसतो, म्हणून तेवढा वेळ बटण दाद देत नाही. पण बंद का पडतो? वेळेलाही काही धरबंध नाही. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी मधे आठवडाभर काहीच नाही.

नितीन म्हणाला सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर बदललं. नितीन म्हणाला डिस्क. डिस्क बदलली, सगळी गाणी नव्या डिस्कवर घातली. मग त्याचं म्हणणं पडलं की नेटवर्कची केबल भारी पाहिजे. मी हात जोडले. अरे, केबलमुळं गाणं अडखळेल, कम्प्युटर कसा बंद पडेल?

माझा संशय विजेवर होता. म्हणून प्रत्येक वेळी मीटर लावून व्होल्टेज बघितलं. दर वेळी नंबर एक. एकदा तर गाणं चालू असताना घराचा मेन स्विचच पाडला. इन्व्हर्टरनं क्षणात भार घेतला, गाण्याची एक मात्रा चुकली नाही. मग वीज माझ्या मनातून गेली. लाइट गेली तरी बंद पडत नाही म्हटल्यावर अजून काय बघायचं?

त्यात जाण्याची वेळ जमणं हा वेगळाच ताप. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. दिवसांचा गॅप पडतो, आणि तो गॅपही पाळला जाईल असं नाही. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातलं कुणी हलत नाही. दवाखान्याची वेळ पुढं ढकलतात, पाहुण्यांना नका येऊ म्हणून सांगतात. मीही माझं दुकान त्या दिवशी उशिराच उघडतो. त्यामुळं मी खिल्लारेंकडं निघालो आणि त्यांच्या लाइनला पाणी आलं की सुजाताताईंचा, म्हणजे सरांच्या सुनेचा, फोन ठरलेला. “भाऊ, आज येऊ नका, पाणी आलंय.” मी गाडी वळवायचो. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मलापण नाही.

त्या शेवटच्या खेपेला मी सिडकोत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि फोन वाजला. भाऊ, आज नका येऊ. माझा पारा चढला. म्हटलं ताई, मी दारात उभा आहे. आज एक तर ते दुरुस्त होईल, नाहीतर गाडीत जाईल. तुम्ही तुमचं पाणी भरा, मी माझं बघतो.

घरात लग्नघराएवढी धांदल. अंगणात पाइप, जिन्यात पाइप, वरच्या टाकीला एक, ड्रमला एक. बादल्या, घागरी, पातेली ओळीनं मांडलेली. ताईंनी पदर खोचलेला. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, आत बसा, फक्त मधे येऊ नका.

सर खोलीत खुर्चीवर बसले होते. रिमोट मांडीवर. गाणं बंद. मी नमस्कार केला, बटण दाबायला सांगितलं. ते जरा घुटमळले. “आज राहू द्या. पाणी आहे ना,” म्हणाले. मी आधीच वैतागलेला. म्हटलं सर, पाणी त्यांचं, गाणं आपलं. आणि मीच दोन थेंबांचं बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. धृपद झालं, पहिलं कडवं लागलं. तेवढ्यात बाहेर ताईंनी नळाची मोटार चालू केली. शेजारच्यांची आधीच चालू होती, समोरच्यांचीही लागली. डोक्यावरचा बल्ब पिवळा पडला, पंखा मंदावला. आणि गाणं कचकन थांबलं. सर्व्हरचा निळा दिवा गेला.

मी मीटर लावलं. काटा नेहमीच्या निम्म्याच्या थोडा वर कसाबसा थरथरत होता. अख्ख्या गल्लीच्या मोटारी एका वेळी पाणी ओढत होत्या आणि पाण्याबरोबर व्होल्टेजही ओढत होत्या. मग इन्व्हर्टर काय झोपला होता? जाऊन बघितलं. मागचं बटण ‘नॉर्मल’वर. त्या बटणावर इन्व्हर्टर वीज पूर्ण गेली तरच मधे पडतो. ती अर्धमेली झाली तर त्याला चालतं, तशीच पुढं सोडून देतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून तो बसवणाऱ्या मिस्त्रीनंच ते तसं ठेवलेलं. साधा अ‍ॅडाप्टर एवढ्या कमी व्होल्टेजवरही निभावून नेतो. नितीनची ती पवित्र वीट नाही नेत. लाइट जाणं वेगळं आणि लाइट मरगळणं वेगळं, हे मी मेन स्विच पाडताना विसरलो होतो. कपाळावर हात मारून घेतला.

तरी खात्री पाहिजे. बाहेर जाऊन ताईंना म्हटलं, एक मिनिट मोटार बंद करता का?

त्यांनी मी त्यांचं घर लिहून मागितल्यासारखं माझ्याकडं बघितलं. “भाऊ, तुमच्या घरी पाण्याच्या दिवशी करता का हो बंद?”

मी परत खोलीत आलो. सरांना विचारलं, दर वेळी असं पाणी आल्यावरच होतं का?

“व्हय. मोटार लागली की थांबतं.”

 इतके महिने मी, नितीन, ते फोरम, सगळे डोकं फोडून घेतोय आणि या माणसाला माहीत आहे. आवाज जरा चढलाच माझा. “सर, मग सांगितलं का नाही?”

सरांनी रिमोटवरून बोट फिरवलं. सावकाश बोलले.

“मला वाटलं, सुजाता बंद करते. पाण्याच्या टायमाला तिला ऐकू यायला पाहिजे. टाकी भरली का, नळाची धार बारीक झाली का. त्यात माझा हा गलका. नंतर वाटलं, बिचारीला ओल्या हातानं येऊन बंद करावं लागतं, त्यापेक्षा आपण लावूच नाय. पाणी कधी येईल ते मला थोडंच कळतं. म्हणून मग रोजचंच सोडलं.”

मी काही बोलणार तेवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. ताई पाइप बदलायला आत आल्या होत्या आणि तिथंच उभ्या होत्या. पाइपातून पाणी ठिबकत होतं, फरशीवर थारोळं झालं होतं.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “मी एकदाही बंद नाही केलं.”

  मग त्या वळल्या, बाहेर गेल्या आणि मोटार बंद झाल्याचा आवाज आला. शेजारून कुणीतरी ओरडून विचारलं, काय झालं, मोटार जळाली का? ताई आत येऊन सरांच्या खुर्चीशी खाली बसल्या, मला म्हणाल्या, “करा भाऊ तुमचं. पाणी भरंल नाहीतर राहील.”

या शहरात राहणाऱ्यालाच कळेल त्या काय बोलल्या ते. मी मान खाली घालून कामाला लागलो. इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’वर केलं, म्हणजे व्होल्टेज पडलं की तो लगेच बॅटरीवर घेतो. वीट काढून बाजूला ठेवली आणि बॉक्समधला साधा अ‍ॅडाप्टर लावला. काम म्हणाल तर चहा निवायच्या आत झालं. सर्व्हर उठला, गाणी मोजून झाली. सरांना म्हटलं, लावा. ताईंना म्हटलं, आता मोटार लावा.

मोटार लागली. बल्ब क्षणभर पिवळा पडला आणि परत उजळला. गाणं चालू राहिलं. सरांनी आवाज वाढवा म्हणून हातानं खूण केली, आणि बाहेरून ताईंनी ओरडून सांगितलं, अजून वाढवा, मलापण ऐकू येऊ द्या.

संध्याकाळी नितीनचा फोन आला. बाबा दुपारपासून ऐकतायत म्हणाला. मग त्यानंही बसून ऐकलं म्हणे. आज आवाज जास्त खुला वाटतोय, लिनियर सप्लाय आता चांगला मुरला असणार. मी ‘हो का’ म्हटलं. ती वीट अजून माझ्या दुकानात आहे, त्यानं विचारली की देईन.

या धंद्यात फोन करणारा एक असतो आणि ऐकणारा दुसराच. आपण फोन करणाऱ्याशी बोलत बसतो, कारण इंग्रजी शब्द त्याच्याकडं असतात. आता मी कुणाच्याही घरी गेलो की आधी ऐकणाऱ्याला विचारतो, तुम्हाला काय वाटतं, का थांबत असेल? आणि वेळ मागताना मुद्दाम पाण्याच्या दिवसाची मागतो. शिव्या बसतात, आमच्याकडंही त्याच दिवशी पाणी असलं तर माझ्या घरचे ड्रम कोरडे राहतात. पण दुसरी चक्कर मारावी लागत नाही.