पिवळ्या काचेची कावीळ

कात्रीबाईंचं खरं नाव विचाराल, तर गल्लीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. उभी हयात कपडे शिवण्यात गेली. ओठांत टाचण्या असायच्या, म्हणून काम चालू असताना तोंड बंद; टाचण्या संपल्या की सगळी कसर भरून निघायची. वय झालं तशी मशीन बंद केली, पण हातांना कोण समजावणार? ते शिवशिवतच राहिले.

अशात त्यांच्या यजमानांनी, म्हणजे बसच्या निवृत्त ड्रायव्हरसाहेबांनी, भिंतीत खिळा ठोकताना जेवणघराच्या खिडकीची काच फोडली. बाई नवी काच आणायला गेल्या, तर काचवाल्याच्या दुकानात मागे रंगीत तुकड्यांचा ढीग. चिंध्या दिसल्या की बाईंना गोधडी सुचते. इथेही तेच झालं.

“हे फेकणार का?” त्यांनी विचारलं.

“फेकतोय कसला! यानं राजवाडे सजलेत,” काचवाला खुलला. वितळत्या काचेत धातूची पूड घालून रंग आणायचे, कोबाल्टनं निळा, सोन्याच्या कणांनी लाल. तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे आणि प्रार्थनाघरांच्या उंच खिडक्यांत चित्रं उभी करायची. वाचता न येणाऱ्यांना त्या खिडक्याच गोष्टी सांगायच्या. पुढे ही काच श्रीमंतांच्या दारांत आली, मग जिन्यांत, आणि शेवटी तुमच्या-आमच्या न्हाणीघरातसुद्धा.

“मग माझ्या जेवणघरानं काय घोडं मारलंय?” बाई म्हणाल्या, आणि तिथेच शिकायला बसल्या.

पहिले काही दिवस नुसती फजिती. कापडाला ठिगळ लागतं, काचेला नाही. काच कापायच्या हिरकणीनं रेघ ओढायची आणि रेघेवर अलगद मोडायचं. बाई सवयीनं कात्रीसारखा जोर लावत, आणि तुकडा भलतीकडेच फुटे. बोटांना पट्ट्या बांधून त्या घरी येत. तरी तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी चिकटवून, वितळलेल्या कथलाचा डाख देऊन ते सांधून, त्यांनी एक तावदान पुरं केलंच: वर पिवळा सूर्य, खाली निळं पाणी, मध्ये एक हिरवा मासा. मासा थोडा बुटासारखा दिसायचा, पण तसं म्हणायची छाती कोणाची होती?

तावदान खिडकीत बसलं. सकाळच्या उन्हात जेवणघर असं काही रंगलं, की बाईंचा चहा गार झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

तेवढ्यात नणंदबाई आल्या. त्यांचं बिऱ्हाड बदलायचं होतं आणि अवजड कपाट उचलायला दादा हवा होता. दादा जेवणघरातल्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. नणंदबाई दारातच किंचाळल्या.

“अगं बाई! दादाला कावीळ झालीये! वहिनी, तुझं लक्ष असतं कुठं?”

दादांनी हातांकडे पाहिलं. हात हळदीनं माखल्यासारखे पिवळे. मग त्यांना कपाट आठवलं. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि क्षीण आवाजात म्हटलं, “थोडं गळल्यासारखं वाटतंय खरं.”

बाईंनी एका नजरेत ओळखलं. खरं सांगावं, तर नवऱ्याचं पितळ उघडं पडणार. गप्प बसावं, तर घरात महिनाभर उकडलेल्या भाज्या. त्यातून नणंदबाई डॉक्टरांना फोन लावायला निघालेल्या. बाईंना हसू आवरेना.

“अहो, जरा या बाजूच्या खुर्चीत बसा बघू,” त्या म्हणाल्या.

“मला उठवत नाही गं.”

“बसा म्हणते ना!”

दादा सरकले आणि निळेजांभळे पडले. नणंदबाईंनी भिंतीचा आधार घेतला. “आता तर काळानिळा झाला!”

“वन्सं, तुम्हीही हिरव्या झालात,” बाई म्हणाल्या. “तो मासा तुमच्या नाकावर आलाय.”

नणंदबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग हातांकडे, मग भावाकडे. भाऊ पेपरामागे गेला होता. पेपर थरथरत होता. “लाज नाही वाटत?” म्हणत त्यांनी तो ओढला, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

कपाट दादांनाच उचलावं लागलं. नव्या घराच्या न्हाणीघराची खिडकी समोरच्यांच्या गॅलरीकडे उघडत होती, म्हणून नणंदबाईंनी वहिनीकडे तावदानासाठी हट्ट धरला. बाईंनी खडबडीत, आरपार न दिसणाऱ्या हिरव्या काचेची पानंच पानं जोडून दिली. आता नणंदबाई आंघोळीला गेल्या की बाहेर येतच नाहीत, सगळं घर टॉवेल घेऊन दाराशी उभं असतं, आणि आतून आवाज येतो, “थांबा रे, आत्ता कुठं ऊन आलंय!”