बँडवाल्यांचं स्ट्रेचर

लेफ्टनंट म्हणून माझं पहिलं पोस्टिंग पुण्यातच झालं. धायरीची मुलगी देशसेवेसाठी घराबाहेर पडली आणि पोहोचली पुण्याच्याच कॅम्पापर्यंत. मिलिटरीत नर्स झाले म्हणजे आता काश्मीरलाच जाणार, असं घरी सगळ्यांना वाटलं होतं. आईने लोकरीचा स्वेटर विणून ठेवला होता. तिचं मन राखायला तो मी भर मे महिन्यात एकदा घालून दाखवला.

दिनक्रम ठरलेला होता. सकाळी सहाला सर्जिकल वॉर्डात हजर. दुपारी जेवण, पुन्हा वॉर्ड. संध्याकाळी नर्सिंग ऑफिसर्स मेसमधली माझी खोली. एक पलंग, एक टेबल, एक रेडिओ. खोलीत बोलणारा तो एकटाच.

शनिवारी ऑफिसर्स मेसमध्ये शेजारच्या इन्फन्ट्री बटालियनचा बँड वाजायचा. आठवडाभर परेडला वाजवणारी हीच माणसं शनिवारी सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि अ‍ॅकॉर्डियन घेऊन सिनेमातली गाणी वाजवत. गायला एका मेजरांची पत्नी असे. एका शनिवारी त्यांचा घसा बसला. कोणी विचारायच्या आत माझा हात वर होता. पुणं एका थोर गायिकेला मुकतंय आणि त्याला कल्पना नाही, असं तेव्हा माझं मत होतं. पुण्याला अजूनही कल्पना नाही.

माझं गाण्याचं शिक्षण दोन ठिकाणी झालं. एक म्हणजे रेडिओ. दुसरे आमचे आप्पा, वडिलांचे थोरले भाऊ. धायरीच्या भजनी मंडळात तेच पुढे गायचे. आप्पांनी ओळ धरली की मनात येईल तितकी लांबवायची, मनात येईल तिथे तोडायची. पखवाजवाला रडकुंडीला यायचा. आप्पा त्याला म्हणायचे, "देव ऐकतोय न्हवं? मग तू कशाला मोजत बसतोय?"

हे सगळं मी जसंच्या तसं मेसच्या माइकवर नेलं.

बँडचे प्रमुख हवालदार साळुंखे ड्रमवर बसत. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले.

"मॅडम, आवाज चांगला आहे."

"थँक यू."

"आम्हीही बरं वाजवतो. पुढच्या वेळी आमच्याबरोबर गायलात तर लोकांना दोन्ही ऐकता येईल."

सॅक्सोफोनवाले नाईक खोपडे तोंड फिरवून हसले. ते मला दिसलं आणि त्या शनिवारी मी जेवले नाही.

खोपडे सनईवाल्यांच्या घरातले होते. माझी दुरुस्ती त्यांच्याकडे सोपवण्यात आली. माझी ओळ यायच्या आधी ते सॅक्सोफोनचं तोंड जरा खाली झुकवत. ते खाली आलं की मी सुरू करायचं. मी दम कोंडून त्या पितळेकडे बघत राहायची.

"मॅडम, श्वास घ्यायला परवानगी लागत नाही. घ्या."

रेडिओने मला गाणी दिली आणि आप्पांनी आवाज. गाण्यात गप्प कुठे बसायचं, ते मी खोपड्यांकडून शिकले. गाण्याबाहेर अजून जमलेलं नाही.

कार्यक्रम संपला की खोपडे जवानांच्या लंगरला जेवायला जात आणि मी माझ्या मेसला. ते जवान, मी ऑफिसर. एकत्र वाजवणं चालायचं, एकत्र जेवणं नाही. तासाभरापूर्वी सगळा हॉल टाळ्या वाजवत असायचा आणि आता माझ्यासमोर गार झालेली पोळी. तुम्हाला वाटतंय तसं आमच्यात काही नव्हतं. तसं समजायचं असेल तर समजा, बदनामीचं वय माझं उलटून गेलं.

सिव्हिलियन लोकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. लढाई सुरू झाली की बँडवाले वाद्यं पेटीत ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. जखमींना आघाडीवरून मागे आणणं हे त्यांचं काम. बटालियनला सीमेवर जायचे हुकूम आले, तेव्हा खोपडे गेले. साळुंखे आणि बँडमधले थोडे लोक इथे मागे ठेवलेल्या तुकडीत, रिअर पार्टीत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी खोपडे वॉर्डाच्या दारात येऊन उभे राहिले.

"मी येईपर्यंत हवालदारसाहेबांकडे बघून सुरू करा."

"त्यांच्याकडे बघितलं की मला भीती वाटते."

"मग सुरूच करू नका, मॅडम."

काही आठवड्यांनी जखमींची अँब्युलन्स ट्रेन पुण्याला आली. दुपारी तीनची वेळ. हॉस्पिटलकडे माणसं कमी होती, म्हणून साळुंखे आणि त्यांचे तिघे स्ट्रेचरसाठी मागून घेतले होते. गाडी लांब होती. शेवटचा डबा प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला आणि अँब्युलन्स दुसऱ्या टोकाला. त्या डब्यात खोपडे होते.

मांडीत तोफगोळ्याचं स्प्लिंटर. रक्तवाहिनी आघाडीजवळच्या हॉस्पिटलमध्ये शिवलेली होती, पण प्रवासात टाके सैल झाले होते. डॉक्टर कॅप्टन मला म्हणाले, "दाबून धर. हादरा बसू देऊ नकोस. टाके तुटले तर तो थिएटरपर्यंत पोहोचणार नाही."

चौघांनी स्ट्रेचर उचललं. मी बाजूने, दोन्ही हात ड्रेसिंगवर.

स्ट्रेचर नेताना कदम मिळवायचे नसतात. चौघांचे पाय एकदम पडले की स्ट्रेचर झोके खातं. हे त्यांना शिकवलेलं होतं. पण या माणसांनी उभा जन्म कदम मिळवून चालण्यात घालवला होता आणि आज स्ट्रेचरवर त्यांचाच माणूस होता. घाई झाली. घाईत पाय एक झाले. लेफ्ट, राइट. स्ट्रेचर हलायला लागलं. माझ्या बोटांखाली ऊब पसरली.

"ब्रेक स्टेप," मी म्हणाले.

पाय सुटले. थोडं पुढे गेलो आणि पुन्हा जुळले.

"साळुंखे, कदम तोडा."

"तोडतोय, मॅडम. पाय ऐकत नाहीत."

थांबता येत नव्हतं. मागून दुसरी स्ट्रेचर येत होती आणि रक्तही थांबत नव्हतं. मग मी गायला लागले. ठरवून नाही. आप्पांचा एक अभंग तोंडात आला, तो आप्पांसारखाच, मोठ्याने. एक ओळ ताणली, दुसरी मध्येच तोडली, तिसरी भलतीकडेच उचलली. पायांच्या चार जोड्यांना धरायला काही सापडेना. उजव्या बाजूचा जवान अडखळला, सावरला आणि स्वतःच्या पायाने चालू लागला. मग दुसरा. स्ट्रेचर स्थिर झालं. प्लॅटफॉर्मवरचे हमाल बघत उभे राहिले. गणवेशातली बाई भर स्टेशनात बेताल गात चालली आहे, असं त्यांना दिसलं असणार. तसंच होतं.

खोपड्यांनी डोळे उघडले.

"मॅडम," ते म्हणाले, "सम गेली."

"जाऊ दे. झोपा."

ते थिएटरपर्यंत पोहोचले. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला आणि चहा बेकार आहे म्हणून तक्रार केली. माझा जीव भांड्यात पडला. मग जखमेत विष झालं, ताप चढला आणि पाचव्या दिवशी सकाळी राउंडच्या वेळी ते गेले.

त्यांना गावी न्यायला साळुंखे गेले. मी घरची नव्हते आणि पलटणीचीही नव्हते, म्हणून मी ड्यूटीवर होते. दुपारी त्या बेडवर दुसरा पेशंट आला. चादर मी बदलली.

त्या बँडची एक रीत होती. माणूस गेला की वर्षभर त्याची जागा दुसऱ्या कोणी वाजवायची नाही. बटालियन परतली, शनिवार पुन्हा सुरू झाले. खोपड्यांचा सोलो असलेलं गाणं आलं की तेवढा वेळ सगळी वाद्यं थांबत आणि साळुंखे ड्रमवर नुसता ब्रश फिरवत. मी माइकसमोर गप्प उभी असे. एक बाई नंतर मला हळूच म्हणाल्या, "मध्ये काहीतरी चुकलं वाटतं तुमचं."

"हो," मी म्हणाले.

आता मी वारज्याला राहते. हे गेल्यापासून एकटीच. सकाळी भांडी घासताना ते गाणं म्हणते. खोपड्यांची जागा आली की थांबते. पुढे ट्रम्पेटवाले गेले, मग अ‍ॅकॉर्डियनवाले. मागच्या उन्हाळ्यात साळुंखे त्यांच्या गावी म्हातारपणाने गेले. वर्षाची अट मी पाळत नाही. गाण्यात आता माझ्या ओळी तेवढ्या उरल्यात, बाकी सगळं थांबणं.

कर्वेनगरला हॉस्टेलवर राहणारी माझी नात परवा आली होती. ती ओट्याशी उभी राहून कप विसळत होती.

"आजी, मध्येच स्टॉप का झालीस? लिरिक्स विसरलीस?"

"नाही. खोपडे वाजवतायत."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिने नळ बंद केला.