बिनखिळ्याचं घर

मिस्त्रीने आयुष्यात कधी खिळा ठोकला नव्हता. खिळा ठोकायचा म्हणजे सांधा ढिला बसल्याची चारचौघांत कबुली द्यायची, असं त्याचं म्हणणं. हाताखालच्या कारागिराच्या खिशात खिळा सापडला, तर तो शिव्या देत त्याच्या बापापर्यंत जाऊन यायचा. कामं कमी मिळाली, माणसं जास्त दुखावली, पण ताठा तसूभर ढळला नाही.

त्या ताठ्याचं प्रदर्शन म्हणजे त्याचा तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. कपाटं, फडताळं, सगळं त्याच्या हातचं. लाकडात लाकूड असं बसवलेलं की सांध्यात कागदाचा कपटा शिरू नये. बायकोची नजर अधू होत होत पार गेली, तेव्हा त्याने खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला कठडा बसवला आणि फडताळाच्या दारांवर खुणा कोरल्या. मिठाला एक खाच, साखरेला दोन, चहाला तीन. बाई आठवड्यात डोळसासारखी वावरायला लागली. तोंडाने जन्मात गोड न बोललेल्या माणसाचं हे एवढंच काय ते प्रेम.

पण फ्लॅट होता भाडेपट्ट्याचा. ठरलेली वर्षं राहायचं, मुदत संपली की किल्ल्या मालक कंपनीच्या हातात द्यायच्या. अकरा वर्षं उरली होती. मिस्त्री बहात्तरचा, बायको एकसष्टची. "मी तोवर सुटलेला असेन," तो म्हणायचा, "पण हिने आंधळ्या डोळ्यांनी कोणाचं दार ठोठावायचं?" म्हणून त्याने पट्ट्याच्या मुदतवाढीचा अर्ज केला.

कंपनीचा साहेब घर बघायला आला. तो फ्लॅटची किंमत ठरवणार आणि तिच्यावरून मुदतवाढीसाठी मिस्त्रीने भरायची रक्कम निघणार. मिस्त्रीला तेवढं भान कुठलं! कित्येक वर्षांनी कोणीतरी त्याचं काम बघायला आलं होतं. "एक खिळा शोधून दाखवा!" असं म्हणत त्याने दारन् दार उघडून दाखवलं. साहेबाने कठड्यावरून हात फिरवला, "वा!" म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

समोरचा शेजारी दारात उभा राहून हे ऐकत होता. कोर्टात तीस वर्षं फायली उचलल्या म्हणून सगळे त्याला वकील म्हणायचे, आणि पुढेपुढे त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

"मिस्त्री, स्वतःच्या हाताने भाव चढवून ठेवलात की," साहेब गेल्यावर तो म्हणाला. "आता फेरतपासणी मागा आणि तोवर हे सगळं काढून टाका. उघड्या भिंतींना काय किंमत लावणार तो?"

"साहेबालाच विचारू का एकदा?"

"विचारा! चोराला विचारा, कुलूप कुठलं लावू म्हणून!"

मिस्त्रीला ते पटलं. दुसऱ्या कोणा सुताराचं काम असतं, तर खिळे उपटून फळ्या बाजूला रचून ठेवता आल्या असत्या. ह्याचे सांधे कशालाच दाद देईनात. शेवटी त्याने कुऱ्हाड आणली आणि चार दिवस स्वतःचं घर फोडलं. बायको खुर्चीत बसून आवाजावरून ओळखत होती. हे कपड्यांचं कपाट. हे साखरेचं दार. कठड्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "अहो, तेवढा राहू द्या ना."

"तुझ्यासाठीच चाललंय. गप बस!"

संध्याकाळी ती पाणी प्यायला उठली. सवयीने हात भिंतीकडे गेला, कशालाच लागला नाही आणि ती तोंडावर आपटली. पुढचे दोन दात पडले. मिस्त्रीने केरातून ते शोधून काढले आणि तिच्या हातात ठेवले.

फेरतपासणीला आलेला साहेब उंबऱ्यातच थबकला. "ते सगळं काम कुठे गेलं?"

"काढलं," मिस्त्री मोठ्या हुशारीने म्हणाला. "लावा आता किंमत."

"अहो बाबा, राहणाऱ्याने स्वतः केलेलं काम आम्ही किमतीत धरतच नाही. नियमच आहे तसा. मी त्या दिवशी वहीत तेच लिहिलं होतं." साहेबाने उखडलेल्या भिंतींवरून नजर फिरवली. "ही नासधूस मात्र लिहावी लागणार. घर सुस्थितीत ठेवायची अट आहे पट्ट्यात, आणि भिंतीला एकदा बसवलेलं काम घराचंच. महिन्याभरात भिंतींतली भोकं बुजवा, फडताळं बसवा. नाहीतर अर्ज फेटाळला जाईल."

वकिलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी आपला अंदाज सांगितला. कुऱ्हाड तर तुमच्याच हातात होती." आणि त्याने दार लावून घेतलं.

मिस्त्रीने भोकं बुजवली, फळ्या आणल्या आणि पटाशी हातात घेतली. कुऱ्हाड पेलणाऱ्या हाताला पटाशी जुमानेना. खाच सरळ जाईना. तीन फळ्या वाया गेल्या. महिन्याचे शेवटचे चार दिवस उरले, तेव्हा तो दुकानात गेला आणि हळू आवाजात खिळे मागितले. "मिस्त्री, तुम्ही? आणि खिळे?" दुकानदार सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा ओरडला. सगळे पोट धरून हसले.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात बसून ठोकायला लागला.

"अहो, कोणाला लावलंत कामाला?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं. दात गेल्यापासून तिचे शब्द फुसफुसत यायचे. "खिळे ठोकतोय मेला!"

मिस्त्रीने ओठांत धरलेले खिळे तळहातावर काढले. "आहे एक. स्वस्तातला."

"असू दे बापडा. पण मिठाच्या दाराला हात लावू देऊ नका त्याला. ते तुम्हीच करा."

"बरं," मिस्त्री म्हणाला. तो त्याच दारासमोर बसला होता.