अर्धा तास आधी

मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. पन्नाशीला टेकलेली असताना मी लिनक्स या संगणक प्रणालीच्या एका परीक्षेला गुपचूप बसले, अर्धा तास आधी सगळं संपवलं, शेजारी घाम पुसणाऱ्या गृहस्थांकडे दयेने पाहिलं आणि ऐटीत बाहेर पडले. ही परीक्षा लेखी नसते. एक मशीन देतात, त्यावर कामं करून दाखवायची. आपण गेल्यावर ते मशीन बंद करून पुन्हा चालू करतात आणि जे टिकलं असेल त्याचेच गुण देतात. माझं काहीही टिकलं नाही. सगळ्या सूचना मी चालू मशीनला तोंडी सांगाव्यात तशा दिल्या होत्या, फाइलीत लिहून ठेवायच्या राहिल्या होत्या. एकदा रीस्टार्ट करून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. पण बाईसाहेबांना उठायची घाई. हे मी कुणालाच सांगितलं नाही. नसरीनला तर नाहीच नाही.

नसरीन गेली त्याला आता सहा आठवडे होतील. त्या सकाळी तिच्या मुलीचा, सनाचा फोन आला. "मावशी, अम्मी गेली," एवढंच ती म्हणाली. मी गॅसवरचं दूध उतरवलं, खुर्चीत बसले आणि पहिला विचार काय आला सांगू... की या बाईने इथेही माझ्या आधी नंबर लावला.

एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आम्ही वीस वर्षं समोरासमोर बसलो. ती पुण्याच्या नाना पेठेतली, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिचं मराठी इतकं नेटकं की साहेब पत्रांचे मसुदे तिच्याकडून तपासून घ्यायचे, आणि शुद्ध बोलण्याचा मक्ता आमच्याच घराण्याकडे आहे अशी समजूत असलेली मी धुमसत बसायचे. मी तिच्या अक्षरावर जळले, तिच्या दाट केसांवर जळले, तिला रजा पटकन मिळते यावरसुद्धा जळले. तिला एक खोड होती. कुठलंही काम झालं की ती मशीन पुन्हा चालू करून बघायची. घरी दाराला कुलूप लावून अर्धा जिना उतरली की परत वर यायची आणि कुलूप ओढून बघायची. स्वतःवर विश्वास नाही का, असं मी एकदा खवचटपणे विचारलं. ती म्हणाली, "आहे गं सुमन. म्हणूनच तपासते."

पुढे बँकेचे सर्व्हर लिनक्सवर न्यायचं ठरलं आणि त्या कामासाठी प्रमुखाची एक जागा निघाली. सर्टिफिकेट असेल त्याला प्राधान्य, असं साहेब म्हणाले. कागदाने सर्व्हर चालत नसतात, अनुभव लागतो, असं मी कँटीनमध्ये चारचौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. नसरीनने मान डोलावली आणि परीक्षेचा अर्ज भरला. त्याच संध्याकाळी मीही भरला. शनिवारी भाच्याच्या मुंजीला साताऱ्याला चाललेय अशी थाप मारून परीक्षेला गेले. सोमवारी नसरीनने विचारलं, जेवणात काय होतं? मी जिलबी सांगितली, अळूची भाजी सांगितली, मठ्ठा सांगितला. ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. मठ्ठ्यात आलं होतं का, असंही तिने विचारलं. मी म्हटलं, होतं, जरा जास्तच होतं.

ती पास झाली आणि जागा तिला मिळाली. तिथे थांबली असती तर मी निभावलं असतं. पण एका पाठोपाठ एक वरच्या परीक्षा ती देतच राहिली. ही सर्टिफिकेटं तीन वर्षांत शिळी होतात, मग पुन्हा बसायचं. माझी पदवी कधी शिळी झाली नाही, एखादी गोष्ट वापरलीच नाही तर ती शिळी कशाने होणार? खराडीच्या एका कंपनीने तिला बोलावून घेतलं आणि मुलांच्या वयाचे इंजिनिअर तिला विचारल्याशिवाय सर्व्हरला हात लावेनासे झाले. सर्टिफिकेटचा नंबर टाकला की ते अजून चालू आहे का हे इंटरनेटवर दिसतं. दर दिवाळीच्या आधी मी तिचा नंबर टाकून बघायचे. घरात फराळाची तयारी, आणि मी तिची मुदत संपायची वाट बघतेय. ती कधी संपली नाही. एकदा मी विचारलंच, खरंच काही उपयोग होतो का गं या कागदांचा? ती म्हणाली, "पन्नाशीच्या बाईला मुलाखतीला बोलवायला लोकांना काहीतरी निमित्त लागतं. कागद दार उघडतो. आत गेल्यावर आपलं आपण."

गेल्या आठवड्यात वारज्याहून वाघोलीला तिच्या फ्लॅटवर गेले, सनाला आवराआवरीत मदत करायला. कपाटात एक फाइल निघाली. सगळी सर्टिफिकेटं, मुदत संपलेलीसुद्धा, क्रमाने लावलेली. मी पानं उलटत होते आणि या वयातही पोटात तेच जुनं दुखत होतं. सना सहज बोलावं तसं म्हणाली, "अम्मी तुमच्यावर फार जळायची, माहितीये?"

मग तिने सांगितलं. नसरीनची परीक्षा त्याच केंद्रावर, रविवारी होती. तिथल्या रजिस्टरमध्ये सही करताना तिला वरच्या ओळीत माझी सही दिसली आणि पुढे बाहेर पडल्याची वेळ. अर्धा तास आधी. तिने ठरवूनच टाकलं की सुमन पास झाली, पण जागा नसरीनला मिळावी म्हणून मुंजीच्या गप्पा मारत बसली. त्यानंतरच्या सगळ्या परीक्षा तिने मला गाठायला दिल्या होत्या.

नसरीनने माझ्यावर जळावं, ही माझी किती वर्षांची इच्छा... ती आता पुरी झाली होती, आणि या सर्टिफिकेटला मुदतही नव्हती. सनाला काही बोलले नसते तर ते जन्मभर माझंच राहिलं असतं.

संध्याकाळी आम्ही निघालो. कुलूप मी लावलं. अर्धा जिना उतरले आणि पाय आपोआप मागे वळले. वर जाऊन कुलूप ओढून बघितलं. ते हातात धरूनच मी सनाला सगळं सांगितलं, फाइलीत न लिहिलेल्या सूचनांपासून मठ्ठ्यातल्या आल्यापर्यंत. ती आधी पायरीवर बसून पोट धरून हसली, मग तिचे डोळे भरून आले. ओढणीने ते पुसत ती म्हणाली, "बरं झालं मावशी, अम्मीने जन्मभर सगळं तपासलं, फक्त तुम्हाला तेवढं रीस्टार्ट करून पाहिलं नाही."