वरून एक

केनवडात माझं लेथचं दुकान आहे. लेथ म्हणजे लोखंड गरगर फिरवून कापायची मशीन, आणि दुकान म्हणजे चार खांबांवर टिनपत्रे. मालक, कारागीर आणि झाडूवाला हे तिन्ही हुद्दे माझ्याकडेच आहेत, तरी तिथं माझं कोणी ऐकत नाही.

गिऱ्हाइकाची रीत ठरलेली. सोयाबीन काढायच्या हडंब्याचा झिजलेला बुश, म्हणजे भोकात बसणारी लोखंडी नळी, बाकड्यावर आपटायचा आणि म्हणायचं, "असाच कर, पण जरा मजबूत." मीही मोकळ्या हाताचा. अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, जाडच करायचो. तराजू बरोबर झाल्यावर भाजीवाली वरून दोन मिरच्या टाकते, तसं. त्या जुन्या हडंब्यांची भोकं झिजून सैल झालेली असायची, म्हणून माझे जाड बुश बरोबर बसायचे. मी मात्र ती माझी कला समजत होतो.

पुढं लोक नवा पार्ट मोबाइलवरूनच मागवायला लागले. बायको म्हणाली, "लेथ विका अन् पिठाची चक्की टाका." त्याच सुमारास मला एक साइट कळली. कारखान्यानं त्यावर ड्रॉइंग टाकायचं आणि कुठल्याही वर्कशॉपनं ते काम उचलायचं. सुरुवातीला तिथं पुण्या-नाशिकचीच नावं होती, मग अकोल्याची आली. एक दिवस रिसोडचा एक लेथवाला दिसला, ज्याला मी आयुष्यभर कच्चा समजत आलो होतो. त्याच दिवशी मी नाव नोंदवलं. 'कौशल्य' या रकान्यात लिहिलं, 'सर्व काही'.

"एक डाव पाहा," बायको म्हणाली. "नाही जमलं त चक्की."

पुण्याच्या एका कंपनीची वीस बुशची ऑर्डर आली. मी आयटीआय केलेला माणूस, ड्रॉइंग नीट वाचलं. पहिला बुश अगदी मापात उतरला. पण तो हातात घेतला आणि मला कसंतरीच झालं. इतक्या लांबून माणसानं विश्वास टाकावा आणि आपण मोजून द्यावं? बाकीचे एकोणीस अर्धा सूत जाड केले. पहिला तेवढा कंजूष वाटला म्हणून टाकून त्याच्या जागी नवा केला. खोकं रवाना करून चहाच्या टपरीवर सांगितलं, "आपला माल आता पुण्याले जाऊन राह्यला."

माल गेला तसा परत आला. मागोमाग कंपनीच्या खरेदीवाल्या मॅडमचा फोन.

"काका, एकही बसत नाहीये."

"मॅडम, मुद्दाम जाड केले. मजबूत राह्यतीन."

"मजबूत आहेत हो, पण आत जात नाहीत."

साइटवर माझ्या नावापुढं पाचपैकी एकच तारा लागला. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "जाड आहेत म्हणून वाचलात. मापात उतरवून परत पाठवा, पुन्हा माप वाढवू नका. आता शेवटचं."

खरं सांगतो, भीती वाटली. टपरीवर केलेल्या बढाईची लाज होतीच, पण भीती लेथ जाण्याची होती. मला दुसरं काहीच येत नाही. चक्कीवर बसून मी काय करणार, पीठ चाळणार? जीव मुठीत धरून एकेक बुश उतरवला, चार-चारदा मोजला. खोकं बांधताना मात्र हात राहिना. कंजूष म्हणून टाकलेला तो पहिला बुश हुडकून काढला, पुसला आणि वरून ठेवला. माप वाढवू नका म्हणाल्या होत्या, नगाबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

साइटवरून निरोप आला, 'मागणी वीस, मिळाले एकवीस. कारण कळवा.' मी लिहिलं, 'वरून.'

मग बरेच दिवस साइटवरून काहीच आलं नाही. बायकोनं चक्की कुठं बसवायची ते दुकानातल्या फरशीवर खडूनं आखलं. मी त्या रेघा ओलांडून लेथपाशी जायचो आणि मोबाइल उघडून तो एकुलता तारा पाहायचो.

शेवटी ताऱ्यांची संख्या वाढली आणि दुसरी ऑर्डर आली, पहिलीपेक्षा मोठी. खाली लिहिलं होतं, 'माप ड्रॉइंगप्रमाणेच हवं. वरून एक चालेल.'

मी मोबाइल बायकोच्या हातात दिला. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि पायानं खडूची रेघ पुसायला लागली.

"राहू द्या लेथच," ती म्हणाली. "चक्की टाकली असती त तुमी पीठ बी वरून देल्लं असतं."