सोमवार, बुधवार, शुक्रवारचा वर्ग

आज सकाळी हेब्बाळच्या तळ्याला वळसा घालून ऑफिसकडे चालले होते, तेव्हा एका शाळेच्या उघड्या खिडकीतून ओल्या खडूचा वास आला. आत कोणीतरी ओल्या फडक्याने फळा पुसत होतं. हा वास नक्की कसा असतो ते सांगणं कठीण आहे. थोडा मातीचा, थोडा चुन्याचा आणि थोडा तास सुरू होण्याआधीच्या धाकधुकीचा. नऊची मीटिंग डोक्यावर असताना मी फुटपाथवर खुळ्यासारखी थांबले. चामराजपेटेतला सातवीचा एक वर्ग आणि त्याच्या फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या अक्का डोळ्यांपुढे आल्या, आणि बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंगळवारी छातीत झाली होती तशीच धडधड पुन्हा सुरू झाली.

मी तेव्हा पुण्याहून नुकतीच आले होते. मुलं कशी शिकतात आणि शिक्षक कसे शिकवतात, याचा अभ्यास करणाऱ्या एका प्रकल्पात मला नोकरी लागली होती. काम साधं होतं. वर्गात मागच्या बाकावर बसायचं, मांडीवर तक्ता ठेवायचा आणि दर तीन मिनिटांनी काय चाललं आहे त्याच्या रकान्यात खूण करायची. शिक्षकाने प्रश्न विचारला, एक खूण. मुलाने उत्तर दिलं, एक खूण. उत्तर चुकलं आणि शिक्षकाने ते दुरुस्त केलं, तर आणखी एक. या खुणांच्या बळावर मी कोणाच्याही शिकवण्याचा ठाव घेऊ शकते, अशी माझी ठाम समजूत होती. हातात पट्टी आली की जग मोजून टाकावंसं वाटतं, त्यातलाच प्रकार.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मी चामराजपेटेत जायची आणि उरलेले तीन दिवस बसने आनेकलच्या शाळेत. चामराजपेटेतली शाळा कन्नड माध्यमाची. वर्गात अगरबत्ती वळणाऱ्यांची, शिंप्यांची, मिठाईचे खोके बनवणाऱ्यांची मुलं. गणिताच्या बाई मात्र मराठी निघाल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. महाराष्ट्र त्यांनी दोनदाच पाहिला होता आणि तोही लग्नकार्यापुरता. त्यांची मराठी ऐकताना वाटायचं, आपल्याच घरातली भाषा दुसऱ्या कोणाच्या तरी तालावर चालली आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डब्यातला चिंचेचा भात, त्यांचं पुळियोगरे, दिला आणि म्हणाल्या, "मॅडम नको ग, अक्का म्हण. आणि स्वल्प पुढे बस, मागे पंखा नाही." तेव्हापासून त्या माझ्या अक्का झाल्या.

आणि पंचाईत इथेच झाली. माणूस म्हणून अक्का मला फार आवडायच्या, पण तक्त्यावर त्यांचं काही खरं नव्हतं. त्या प्रश्न विचारायच्या, कोणीतरी चुकीचं उत्तर द्यायचं आणि अक्का ते उत्तर त्या मुलाच्याच शब्दांत फळ्यावर लिहायच्या. भोवती छान चौकट काढायच्या, "तुला असं का वाटलं?" म्हणून विचारायच्या, आणखी दोघातिघांचं ऐकून घ्यायच्या. मग घंटा व्हायची आणि त्या खडू ठेवून चालू लागायच्या. चूक तशीच फळ्यावर. झाडायला येणाऱ्या बाईसुद्धा बाकीचा फळा पुसून चौकट तेवढी सोडायच्या, हे मला कळलं तेव्हा तर मी कपाळाला हात लावला. सहा आठवड्यांत माझ्या 'चूक दुरुस्त केली' या रकान्यात एकही खूण नव्हती.

हा नुसता कागदी खेळ असता तर गोष्ट वेगळी. पण शाळेच्या व्यवस्थापनाने ठरवलं होतं की पुढच्या वर्षी वरच्या वर्गांचं गणित कोणाकडे द्यायचं ते आमचा अहवाल पाहून ठरेल. अक्कांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. गणित काढून घेतलं तर त्यांच्याकडे कार्यानुभवाचे तास जाणार होते, आणि आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला कागदाची फुलं करत बसवणं म्हणजे काय, हे सांगायला तक्ता लागत नाही. माझा कच्चा अहवाल शुक्रवारी गेला. त्यात मी लिहिलं होतं, या वर्गात चुकीची उत्तरं दुरुस्त होत नाहीत.

शनिवार-रविवार मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी तासाआधी मी अक्कांना गाठलं, सगळं सांगितलं आणि वर एक शहाणपणाही केला. म्हटलं, "अक्का, पक्का अहवाल जायला अजून आठवडा आहे. निदान मी बसलेली असताना तरी चूक तिथल्या तिथे सुधारून टाका ना."

अक्कांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तू बघतेस म्हणून?"

मी हो म्हटलं.

"काय लिहिलंयस ते नीट सांग. तुझ्याच शब्दांत."

मी सांगितलं. त्या "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि वर्गात गेल्या. त्या दिवशी प्रश्न होता क्षेत्रफळाचा. एकाच लांबीच्या दोऱ्याने दोन वेगवेगळे आयत वेढले, तर आतली जागा सारखी असेल का? खोकेवाल्याची मुलगी झटकन उठून म्हणाली, दोरा तेवढाच म्हणजे जागाही तेवढीच. अर्ध्याहून जास्त वर्गाने माना डोलावल्या. खरं सांगते, एक क्षण माझीही मान हलली. वाक्य फळ्यावर गेलं, चौकट झाली. मग अक्कांनी शेजारी आणखी एक वाक्य कन्नडमध्ये लिहिलं आणि त्याभोवतीही तशीच चौकट काढली. ते माझं होतं. "या मॅडमना असं वाटतं," त्या मुलांना म्हणाल्या, "त्यांना असं का वाटलं असेल, उद्या सांगा." घंटा झाली. बाहेर पडताना मला म्हणाल्या, "मंगळवारी ये."

मंगळवारी मला आनेकलला जायचं होतं. मी तिथे पोट बिघडल्याचा फोन केला आणि चामराजपेटेची बस धरली. मार्केटपाशी गर्दीत बस अडकली तेव्हा मी उतरून उरलेली वाट जवळजवळ पळतच गेले.

वर्गातले बाक भिंतीला लागले होते. मधल्या लाल चौकोनी फरश्यांवर खोकेवाल्याची मुलगी दोरा घेऊन बसली होती. तिने घरी वडिलांना विचारलं होतं; ते हसून एवढंच म्हणाले होते की मोजून बघ. तिने दोऱ्याने सहा फरश्या लांब, सहा फरश्या रुंद असा चौरस वेढला. सगळ्यांनी मिळून मोजल्या, छत्तीस. मग तोच दोरा उचलून तिने अकरा फरश्यांची एकच रांग वेढली. दोरा पुरला, एक बोटसुद्धा कमी-जास्त नाही. आत फरश्या अकरा. मग असा गलका झाला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. कोणी दोरा ओढून खात्री करत होतं, कोणी पाच-सात करून बघत होतं, कोणी शेजाऱ्याला काल मी सांगत होतो ना म्हणून टोचत होतं. आणि ती मुलगी, जिचं उत्तर साफ चुकलं होतं, ती सगळ्यांच्या मधोमध मालकिणीसारखी उभी होती. तिने स्वतः उठून फळ्यावरचं आपलं वाक्य पुसलं आणि नवं लिहिलं. तक्ता मी पिशवीतून काढलाच नव्हता.

अक्का कोपऱ्यात उभ्या होत्या. हात बांधलेले. गलका ओसरल्यावर त्यांनी दुसऱ्या चौकटीकडे बोट केलं.

मुलं विचारात पडली. एकाने भीत भीत सांगितलं की मॅडमना कन्नड कमी येत असेल. दुसरा म्हणाला, मॅडम मागे बसतात, फळा दिसत नसेल. मग खोकेवाल्याची मुलगी अजून हातातला दोरा गुंडाळत म्हणाली, "मिस, मॅडम सोमवारी येतात, मंगळवारी येत नाहीत. बुधवारी येतात, गुरुवारी येत नाहीत. आपण चूक उद्या सोडवतो. त्यांना आपला उद्या कधी दिसलाच नाही."

एवढं सोपं होतं. एक दिवस चूक मांडायची, रात्रभर ती डोक्यात घोळू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याने सोडवायची, हा अक्कांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. आणि माझं वेळापत्रक नेमकं असं बेतलेलं की सहा आठवडे मी फक्त अर्धीच गोष्ट पाहत राहिले आणि तीच पूर्ण समजून बसले. शरमेने कानशिलं तापली. पण त्याहून मोठा होता तो आनंद, आणि तो मला लपवता येईना. मी हसत होते आणि डोळे भरून येत होते. "तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?" मी अक्कांना विचारलं. "सांगितलं असतं तर तू माझं ऐकलं असतंस," त्या म्हणाल्या, "आता तुला कळलं."

त्याच संध्याकाळी मी प्रकल्पाच्या प्रमुखांपुढे जाऊन सगळं कबूल केलं, पोटाच्या दुखण्यासकट. नोकरी जाईल असं धरूनच गेले होते. त्यांनी बराच वेळ वेळापत्रकाकडे पाहिलं आणि सगळ्याच शाळांत सलग दिवस बसून निरीक्षणं पुन्हा करायला सांगितली. सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली आणि मी मजेत शिट्टी वाजवत बसस्टॉपवर आले. गणित अक्कांकडेच राहिलं. तीन वर्षं पुरती शिकवून त्या निवृत्त झाल्या. आता त्या वर्गात दुसऱ्या बाई आहेत, भिंतीवर मोठा पडदा लागला आहे आणि तो बोट फिरवलं की कोरा होतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी पुष्कळ चुका केल्या. काही झाकल्या, काही दुसऱ्याच्या माथी मारल्या, काहींसाठी चारचौघांत बोलणी खाल्ली. पण त्या एका सोमवारी रात्री, चामराजपेटेतल्या कुलूपबंद वर्गात, माझी चूक कोणीतरी चौकट काढून जपून ठेवली होती, आणि पन्नास मुलं आपापल्या घरी मला असं का वाटलं असेल याचा विचार करत होती. माझा इतका विचार त्याआधी कोणी केला नव्हता, त्यानंतरही नाही.