साहेबाच्या दगडाची राखण

बुआलाय मावशी आमच्या शेजारची. नदी मोजायला आलेल्या पहिल्या फ्रेंच तुकडीतला एक साहेब आमच्या गावाखालच्या वळणावर तापानं मेला होता. पुढं त्याच्या देशाच्या लोकांनी काठावरच्या रानात, त्याला पुरलं होतं तिथं, दगड-चुन्याचं स्मारक बांधलं. गावातलं कुणी तिकडं फिरकत नसे, कारण वाईट मरणानं, बुडून किंवा बाळंतपणात, गेलेल्यांना आम्ही त्याच रानात पुरतो. त्यांना अग्नी नाही, भिक्खूंचे मंत्र नाहीत. पुरून परत येताना मागं वळूनही बघायचं नाही.

मावशीची एकुलती एक लेक दालावन बाळंतपणात अडली आणि गेली. लेकरू पोटातच राहिलं. त्याच दिवशी माणसांनी तिला साहेबाच्या दगडालगत घाईघाईनं पुरलं आणि वर साधी खूणही ठेवली नाही.

थोड्या दिवसांनी मावशी झाडू घेऊन निघाली. विचारलं तर म्हणाली, साहेबाचं कुणी नाही इथं, दगड तेवढा झाडून येते. मग ते रोजचंच झालं. ती चिकट भाताचा मुटका न्यायची, चाफ्याची फुलं न्यायची. पाणवठ्यावर बायका हसायच्या, "म्हातारपणी गोरा नवरा केलाय मावशीनं." मावशीही हसायची. मीसुद्धा त्या हसण्यात असायचे.

मग बऱ्याच वर्षांनी खाली धरण झालं. पाणी चढणार म्हणून गाव वर हलवायचं ठरलं. साहेबाचं स्मारकही देवळाच्या टेकडीवर न्यायचं, अस्थी सन्मानानं उचलायच्या, असं शहरातून आलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलं. रानातल्या बाकीच्यांबद्दल तो काही बोलला नाही, आणि आम्हीही त्याला काही विचारलं नाही.

खणायच्या दिवशी मावशी सकाळपासून तिथं बसून होती. दगड हलवला, बाजूची माती काढली, तर फार खोल न जाताच हाडं लागली. कवटीपाशी शिंगाची एक फणी होती, बायका अंबाड्यात खोवतात तसली. अधिकाऱ्यानं ती पुसून मावशीपुढं धरली.

"मावशी, एवढी वर्षं राखण केलीत तुम्ही. हे काय असेल, ओळखता?"

मावशी त्या फणीकडं बघत राहिली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "असेल साहेबाचंच."

हाडं पांढऱ्या कापडात बांधून टेकडीवर नेली. सगळे भिक्खू आले. सारं गाव हात जोडून बसलं, मंत्र झाले, पाणी ओतून पुण्य अर्पण केलं ते साहेबाच्या नावानं. मावशी अशी काही रडली की शेजारी बसलेली बाई म्हणाली, परक्या माणसासाठी एवढं कुणी रडतं का?

दुसऱ्या दिवशी ती घरात नव्हती, म्हणून मी शोधत खाली गेले. पाणी रानात शिरलं होतं. त्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून मावशी तांदळाच्या चाळणीनं चिखल चाळत होती. बोटं फुटून रक्त येत होतं. मी तिला दंड धरून ओढलं, तर तिनं मला ढकलून दिलं.

"मावशी, काय शोधताय?"

"लेकराची हाडं," ती म्हणाली. "बारीक असतात गं. त्यांना दिसली नाहीत."

तेव्हा मला सगळं कळलं. मीही चिखलात बसले आणि हातांनी चाळू लागले. पाणी कमरेला आलं तरी काहीच सापडलं नाही. शेवटी मी तिला जवळजवळ उचलूनच वर आणलं.

आता स्मारक टेकडीवर आहे. पाटीवर साहेबाचं नाव आहे, सणावारी लोक फुलं वाहतात. मावशीनं कुणाला काही सांगितलं नाही. मला शपथ घातली होती, ती मी तिच्या मरणापर्यंत पाळली. ती रोज वर जायची, दगड झाडायची, आणि मग त्याच्याकडं पाठ करून पाण्याकडं बघत बसायची. एकदा मी म्हटलं, दालावन सुटली ना मावशी, मंत्र मिळाले तिला.

"मिळाले," मावशी म्हणाली. "पण तिचं लेकरू खाली राहिलं, आणि ती वर एकटी आहे."